पंचवीस मीटरच्या पुढची रेघ

त्या उन्हाळ्यात आमच्या बाथटबमध्ये माणसांपेक्षा वर्तमानपत्रंच जास्त भिजली. गावात फुकट वाटली जाणारी जाहिरातींची वर्तमानपत्रं माझे सासरे शेजारपाजारहून गोळा करून आणायचे, साबुदाणा भिजत घालावा तशी शुक्रवारी टबात घालायचे आणि शनिवारी सकाळी मला हाक मारायचे, "चल गं, झाली मऊ." मी आठवडाभर रेगेन्सबर्गच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तुटेपर्यंत ताणून आणि वाकवून बघते. टेस्टिंग हाच माझा पोटापाण्याचा धंदा. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच करायचं, तेही बंदुकीच्या गोळ्यांसाठी, ह्याचा मला किती संताप यायचा हे मी तेव्हा बोलले नाही. सूनपणाचा हा एक रोग आहे. जर्मनीत वीस वर्षं काढूनही तो जात नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून इथे टूलमेकर म्हणून आले. आमचं गाव रेगेन्सबर्गपासून अर्ध्या तासावर. गावाने त्यांना वाईट वागवलं असं मुळीच नाही. गावाने त्यांना तीस वर्षं कुंपणावरून नमस्कार केला, फुटपाथवरचा बर्फ कोणी कुठपर्यंत झाडायचा ह्यावर चर्चा केली, आणि आत कधी बोलावलं नाही. मग एकदा शुट्झेनफेराइनमधल्या, म्हणजे गावच्या नेमबाजी क्लबातल्या, एका जुन्या बंदुकीच्या चापाची स्प्रिंग तुटली. ती कुठेच मिळेना. बाबांनी तळघरात बसून कानशीने घासून तशीच्या तशी करून दिली. त्यानंतर क्लबात त्यांची खुर्ची ठरली. त्यांना बिअर नको, कॉफी लागते, हे सगळ्यांना पाठ झालं. अडुसष्टाव्या वर्षी ते शिकारीची परीक्षा जर्मनमधून पास झाले तेव्हा अख्खा क्लब आमच्या घरी आला. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी चाळीस माणसांना बटाटेवडे तळून घातले.

बाबांची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग शिशाची गोळी घालायची, ती गजाने ठासायची, आणि एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. इथे अशा बंदुका क्लबात निशाणा लावायला असतात, शिकारीला कोणी त्या नेत नाही. पण हंगेरीत ठासणीच्या बंदुकीने शिकार करू देतात, आणि क्लबच्या अध्यक्षांच्या ओळखीच्या एकाचं तिथे जंगल होतं. ऑक्टोबरातल्या हरणाच्या शिकारीचं आमंत्रण आलं. क्लबातून एकट्या बाबांना. शहात्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा एका चिठ्ठीने इतका उजळलेला मी पूर्वी बघितला नव्हता.

आता हे अध्यक्ष म्हणजे कोण, तर कारखान्यातले माझे साहेब. टेस्टिंगच्या सगळ्या विभागांचे प्रमुख. छोट्या गावात अशा गोष्टी टळत नाहीत. ते बाबांना म्हणाले, "तुमच्या घरात एवढी मोठी टेस्टिंगवाली बसलीय, तिच्याकडून गोळ्यांचा प्रुफप्रोटोकोल करून घ्या." झालं. प्रुफप्रोटोकोल म्हणजे चाचणीचा अहवाल. कागदावर तारीख, सही आणि एक तक्ता असला की इथे माणसं त्याच्यापुढे टोपी काढतात. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

काम तसं साधं. ठासणीच्या बंदुकीला दुसरी संधी नसते, म्हणून पहिलीच गोळी नीट लागली पाहिजे. नीट म्हणजे आत शिरल्यावर तिचं तोंड पसरलं पाहिजे, तर जनावर जागच्या जागी पडतं. आणि पसरतापसरता ती पुरेशी खोलही गेली पाहिजे, नाहीतर खांद्याच्या हाडावरच अडते. ओल्या कागदाचा घट्ट गठ्ठा हा मांसाच्या बराच जवळ जातो. त्यात गोळी मारायची, किती सेंटिमीटर गेली ते मोजायचं, मग कागद फाडत फाडत गोळी शोधायची आणि तिचं तोंड किती रुंद झालं ते व्हर्नियरने बघायचं.

गोळ्या बाबा स्वतः ओतायचे. जुन्या गाड्यांच्या चाकांना लावायची शिशाची वजनं त्यांनी गॅरेजमधून आणून वर्षानुवर्षं डब्यांत साठवली होती. टाकून कशाला द्यायची, हा त्यांचा प्रश्न. ते शिसं कडक असतं.

"अहो बाबा, मऊ शिसं आणू या ना. शुद्ध. ह्याचं तोंड पसरायचं नाही लवकर."

"हे सरळ जातं. मऊ शिसं नळीत चिकटतं."

"पण मी सांगतेय ना..."

"तू मोज गं. मोजलं की कळेल. गेनाऊ, नेमकं त्यासाठीच तर तुला आणलंय."

आणि मोजल्यावर त्यांचंच खरं निघालं. पंचवीस मीटरवरून मारलेली प्रत्येक गोळी कागदात जाऊन अशी काही पसरली की मलाच बघत राहावंसं वाटलं. मूळच्या जवळजवळ दुप्पट रुंदी. बाबा ती तळहातावर घेऊन क्लबभर फिरले. साहेबांनी ती माझ्यासमोर धरली आणि, कारखान्यात सहकारी बाईला म्हणतात तसं, म्हणाले, "कोलेगिन, सासरे बरोबर होते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या क्षेत्रात, माझ्या साहेबांसमोर, एका टूलमेकरने मला खोटं पाडलं होतं. हा राग मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

पंचवीस मीटरच का, तर क्लबच्या उघड्या रेंजवर ओला गठ्ठा ठेवायची परवानगी फक्त त्याच अंतरावरच्या वाळूच्या बांधापुढे मिळाली. शंभर मीटरचा रेंज बंदिस्त आहे, तिथे काळ्या दारूला बंदी. पण शिकारीत हरिण काही पंचवीस मीटरवर येऊन उभं राहत नाही. लांबवर गोळीचा वेग खूप कमी होतो, आणि ह्या बंदुकीचा तर फारच. म्हणून शेवटच्या शनिवारी दारू बरीच कमी घालून बार काढायचे होते, म्हणजे पंचवीस मीटरवरच गोळी त्या मंद वेगाने लागली असती आणि शंभर मीटरवर काय होईल ते कळलं असतं. हे मीच ठरवलं होतं. माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेलं आहे.

त्या शनिवारी माझी जुनी मैत्रीण ड्युसेलडॉर्फहून वर्षभराने आली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात एकटी बसली होती. इकडे बाबांचं चालू होतं. गठ्ठा नीट दाबला नाहीस. पट्टी तिरकी धरलीस. आमच्या वेळी हाताला कळायचं, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला कॉम्प्युटर लागतो. पूर्ण दारूचे बार झाले, जरा कमी दारूचे झाले, तोंडं अजून छान पसरत होती. खरे मंद बार उरले होते. त्यासाठी मापं नव्याने भरायची, गठ्ठा बदलायचा, आणखी दोन तास. माझं डोकं फिरलं. मी वही मिटली आणि म्हटलं, "पुरे. झालं सगळं."

"झालं?" बाबांनी विचारलं.

"हो, झालं. बाकीचं गणिताने काढते."

रविवारी टेबलाशी बसून मी मोजलेले बिंदू मांडले, त्यांतून एक रेघ काढली आणि ती शंभर मीटरच्या वेगापर्यंत पुढे ओढली. रेघेप्रमाणे गोळी तिथेही थोडीफार पसरत होती. खाली लिहिलं, शंभर मीटरपर्यंत योग्य. सही केली. जिथपर्यंत मोजलं त्याच्या पुढे रेघ ओढायची नाही, हे मी दरवर्षी नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते. कोणी ओढली तर मी त्याला सगळ्यांसमोर झापते. आणि मी ती ओढली, कारण एका म्हाताऱ्याच्या बडबडीला मी कंटाळले होते.

बाबांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. साहेबांनी वाचला, मान हलवली, म्हणाले, "सौबर." स्वच्छ काम.

माझा नवरा गेर्लिंगेनला नोकरी करतो, शनिवार-रविवारीच घरी येतो. म्हणून हंगेरीला बाबांना घेऊन मी गेले. गाडी मीच चालवली. ओळख साहेबांची, म्हणून तेही त्यांच्या गाडीतून आले. संध्याकाळी बाबा आणि साहेब मचाणावर बसले, मी शेतघरात कॉफी पीत बसले होते. एक बार ऐकू आला. मला आनंद झाला, हे कबूल करते. आता एकदाचं संपेल असं वाटलं.

ते परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले होते. हरणाची मादी, आडवी उभी होती, नव्वद मीटरवर. गोळी लागली. ती उडी मारून झाडीत गेली. रक्त जवळजवळ नाहीच. अंधार पडत होता, अशा वेळी मागे जायचं नसतं, जनावर अजून लांब पळतं. सकाळी माग काढणारा माणूस त्याचा कुत्रा घेऊन आला. बाबा त्याच्या मागे, त्यांच्या मागे साहेब, शेवटी मी. कुत्रं नाक जमिनीला लावून दोन तास चाललं. एका ओढ्याच्या काठी ती मादी पडलेली होती. जिवंत. तिने मान वर करायचा प्रयत्न केला. कुत्रेवाल्याने आम्हाला थांबवलं आणि पुढे जाऊन ते संपवलं.

मी जवळ गेले. छातीच्या एका बाजूला गोळीचं भोक होतं. दुसऱ्या बाजूला, जिथून ती बाहेर पडली, तिथेही तेवढंच भोक. बोटाच्या टोकाएवढं. गोळी पसरलीच नव्हती. कडक शिशाचं तोंड एका ठरावीक वेगाखाली कमी पसरतं असं नाही, ते पसरतच नाही. तिथे रेघ नसते, तिथे कडा असतो. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर ते मंद बार वहीत लिहिले होते. मी वर बघितलं तर बाबा त्या दुसऱ्या भोकाकडेच बघत होते. आयुष्यभर धातू हाताळलेला माणूस. त्यांना कळलं नाही असं होणंच शक्य नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "काय झालं असेल?"

मी तोंड उघडणार होते. उघडणार होते असं मी स्वतःला सांगते.

बाबा म्हणाले, "हात हलला माझा. जरा मागे लागली. हल्ली हात थरथरतो."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इथली रीत अशी की जनावर मिळालं की झाडाची एक डहाळी तोडून शिकाऱ्याला देतात, तो ती टोपीला लावतो. साहेबांनी डहाळी तोडून बाबांपुढे धरली. बाबांनी ती घेतली, टोपीला लावली नाही, वाकून कुत्र्याच्या पट्ट्यात खोचली. गोळी मागे लागलेली नव्हती. ती जिथे लागायला हवी तिथेच, तंतोतंत लागली होती.

परत आल्यावर आठवड्याभरात बाबांनी बंदूक क्लबच्या कपाटात जमा केली आणि शिकारीचा परवाना परत करून आले. कारण विचारलं की हात पुढे करायचे. तो हलायचा. माझा नवरा घाबरला, त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेला. अपॉइंटमेंट मिळवायला त्याने तीन दिवस फोन लावले. डॉक्टरांना काही सापडलं नाही, वयाचं असेल म्हणाले. मग घरात सगळं सुरू झालं. बाबांनी गाडी चालवायची नाही. बाबांनी गरम पातेलं उचलायचं नाही. माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर अर्धंमुर्धं जर्मनमध्ये देते, ती त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायला लागली. "लास मिश, आजोबा, मी धरते." आणि ते धरू द्यायचे. मी प्रत्येक वेळी बघायचे आणि तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्यावर चिडायचे, मुलीवर चिडायचे, ताटं आपटायचे. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांचं वय झालंय, एवढं काय मनाला लावून घेतेस?"

नोव्हेंबरात एका दुपारी मी वॉशिंग मशीनमधले कपडे काढायला तळघरात उतरले. बाबांच्या कामाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते दिव्याखाली बसून माझ्या मुलीच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. तांदळाच्या कणीएवढा तो स्क्रू. चिमट्यात धरून त्यांनी तो पहिल्याच खेपेला भोकात ठेवला आणि फिरवला. हात दगडासारखा स्थिर.

"बाबा, हे काय?"

"स्क्रू पडला होता तिचा."

"मी स्क्रूचं नाही विचारत आहे! डॉक्टरकडे नेलं तुम्हाला! तो बिचारा तिकडे नेटवर पार्किन्सनचं वाचत बसलाय!"

"हळू बोल. ती वर आहे."

"ती गोळी पसरली नव्हती. तुम्ही बघितलंत. मी बघितलं तुम्ही बघताना."

त्यांनी चष्मा पुसला, नीट घडी करून ठेवला. "आल्झो, असं आहे. तो तुझा साहेब. डिसेंबरात विभागप्रमुखाच्या पदाचं ठरवायचंय, तूच म्हणाली होतीस. त्याच्यासमोर तुझा कागद चुकला असता, तर तुला दिलं असतं का त्याने? माझं काय, म्हाताऱ्याचा हात थरथरला म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला? माझी चूक आहे ती. माझी."

"असेल. आता झालं ना. वर जा, कपडे चुरगळतील."

मी इतकी चिडले की कपड्यांची बादली तिथेच टाकून वर आले. माझ्या चुकीवर ह्या माणसाने मला न विचारता पांघरूण घातलं होतं, आणि आता ते ओढून काढायचं तर त्यांनाच खोटारडं ठरवावं लागणार होतं. लहान मुलीला शाळेत शिक्षा होऊ नये म्हणून बाप मध्ये पडतो, तसे ते मध्ये पडले होते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

पुढच्या शनिवारी मी क्लबात गेले. बाबांची बंदूक कपाटात होतीच. क्लबच्या एका सभासदाला म्हटलं, माझं एक काम राहिलंय. दारू कमी घालून, वाळूच्या बांधापुढे ओला गठ्ठा ठेवून आम्ही ते राहिलेले मंद बार काढले. दोन तास लागले. फक्त दोन तास. पहिली गोळी कागद फाडून काढली तर तिला ओरखडेसुद्धा फारसे नव्हते. पुन्हा नळीत घालून ठासता आली असती. बाकीच्याही तशाच. मी ती पहिली गोळी पर्समध्ये टाकली.

आणि मग मी गप्प राहिले. हे सांगायलाच हवं. गोळी पर्समध्ये, बाबा घरात हात हलवतायत, आणि मी रोज सकाळी कारखान्यात जाऊन साहेबांना गुड मॉर्निंग म्हणतेय. आज सांगू, उद्या सांगू, आधी नवऱ्याशी बोलू. डिसेंबराच्या मध्यात विभागप्रमुखाचं पत्र माझ्या हातात पडलं. तोपर्यंत मी कोणाशी काही बोलले नव्हते. त्या पत्राच्या दिवशी बाबांनी स्वतः जाऊन केक आणला, दोन्ही हातांनी धरून, पायऱ्या सावकाश चढत, कारण शेजारीण बघत होती.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळी क्लबात वर्षाची पहिली बैठक असते. पांढरे सॉसेज, बिअर, बाबांची कॉफी. साहेब उठले आणि माझ्या बढतीबद्दल बोलले. गावाला अभिमान वाटतो वगैरे. म्हणाले, "आणि हिने आपल्या क्लबसाठीही एक प्रोटोकोल केला होता, ते विसरू नका." सगळ्यांनी ग्लास वर केले. मग ते बाबांकडे वळले आणि बहिऱ्याशी बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही? हात कसा आहे?"

बाबांचा कप कोणीतरी मुद्दाम अर्धाच भरला होता. सांडू नये म्हणून. बाबांनी तो उचलला. मी शेजारीच बसले होते. कप बशीवरून उठताना स्थिर होता. मग बाबांनी एकदा साहेबांकडे बघितलं, ते बघतायत ह्याची खात्री केली, आणि हात हलवला. कप बशीवर खडखडला. थोडी कॉफी सांडली. टेबलावरच्या सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, माणसं दयेने वळवतात तशी.

मी उभी राहिले. कसं बोलायचं ते काहीही ठरवलेलं नव्हतं. पर्समधून ती गोळी काढून साहेबांच्या ताटाशी आपटली आणि जर्मनमध्ये, भलत्याच मोठ्या आवाजात, सगळं बोलले. त्यांच्या हाताला काहीही झालेलं नाही. गोळी बरोबर जागी लागली होती. कागद खोटा होता. मी शंभर मीटरचं मोजलंच नाही, पंचवीसवर मोजलं आणि पुढे रेघ ओढली, कारण मला घरी जायचं होतं. हरिण रात्रभर माझ्यामुळे पडून राहिलं, आणि ह्या माणसाने बंदूक सोडली ती माझी नोकरी वाचवायला. आणि तुम्ही त्यांचा कप अर्धा भरताय!

"बस खाली," बाबा मराठीत म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी मला असं कधी सुनावलं नव्हतं.

मी बसले नाही. साहेबांनी गोळी उचलली, फिरवून फिरवून बघितली, रुमालावर ठेवली आणि म्हणाले, "कोलेगिन, हे आपण सोमवारी ऑफिसात बोलू." पलीकडच्या एकाने किटली आणून बाबांचा कप काठोकाठ भरायला घेतला. बाबांनी कपावर तळहात ठेवला. मग ते उठले, कोट घातला, सगळ्यांना नेहमीसारखं 'ग्र्युस गॉट' म्हणाले आणि बाहेर पडले.

सोमवारचं इथेच सांगून टाकते. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हणाले की कागदावर पंचवीस मीटर लिहिलेलं त्यांनी ऑगस्टमध्येच वाचलं होतं, त्यांनाही ते खटकलं नव्हतं, तेव्हा हा विषय आता इथेच बंद करू. पद माझ्याकडेच राहिलं. म्हणजे मी जे कबूल करायला तीन महिने घाबरले, त्याची मला काहीएक झळ बसली नाही. मला त्यांचाही राग आला. त्या शांत, स्वच्छ केबिनचा, त्या बंद दाराचा राग आला.

पण रविवारी, क्लबातून परत येताना, हे मला माहीत नव्हतं. मी गाडी चालवत होते. बाबा शेजारी, हात मांडीवर.

"बाबा, बोला ना काहीतरी. ओरडा तरी."

"काय ओरडू?"

"अहो, तुमच्यासाठी बोलले मी! त्यांना कळायला नको का? तुम्हाला लुळंपांगळं समजतायत ते सगळे. आता तुम्ही बंदूक परत घेऊ शकता."

"बंदूक मी परत घेणार नव्हतोच." ते समोर बघत बोलत होते. "कागद तुझा होता, पण बोट माझं होतं. ते जनावर रात्रभर डोळे उघडे ठेवून पडलं होतं. त्यानंतर कोण बंदूक धरेल?"

"मग निदान क्लबात तरी..."

"क्लबात आता सगळे उठून उभे राहतील मला बघितल्यावर. काय मोठा माणूस, सुनेसाठी केलं. तिथे मी कॉफी प्यायला जायचो गं. माझी खुर्ची होती, बाकी काही नव्हतं." त्यांनी सीटबेल्ट जरा सैल केला. "तुला कोणासाठी तरी काही करायचं होतं, तर ते ऑक्टोबरात करायचं होतं. ओढ्याच्या काठी. मी बोलायच्या आधी."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला पुढचं दिसत नव्हतं. बाबांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

"तुला बरं वाटतंय ना आता?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

मी रुमाल डोळ्यांना लावला. पण बरं वाटत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा छाती हलकी झाली होती, नीट श्वास घेता येत होता. शेजारी ते तसेच हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि मला बरं वाटत होतं. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.